पोलादी पात्रातील जग

रबराचा चेंडू मुठीत दाबला म्हणजे तो लहान होतो आणि मूठ सैल केली की पुन्हा पूर्ववत होतो. या गुणास स्थितिस्थापकता असे म्हणतात. हा गुण रबराच्याच अंगी आहे असे आपल्याला वाटते. परंतु लोखंडाची पहार, मिठाचा खडा, फार काय, हिरासुद्धा दाबाखाली आवळतो व दाब निघून जाताच मूळ आकारास येतो. त्यांचे हे आवळणे इतके अल्प असते, की ते डोळ्यांना दिसत नाही आणि हाताला जाणवत नाही. हे न दिसणारे आवळणे मोजण्यात ज्याने आयुष्याची पन्नासाहून अधिक वर्षे वेचली, असा एक शास्त्रज्ञ अमेरिकेत होऊन गेला. पर्सी विल्यम्स ब्रिजमन हे त्याचे नाव.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज या गावी 21 एप्रिल 1882 रोजी पर्सीचा जन्म झाला. आईवडिलांचे ते एकुलते एक अपत्य. वडील रेमंड ब्रिजमन हे वृत्तपत्राचे बातमीदार होते. घर साधे, धार्मिक वळणाचे आणि नेमस्त होते. पुढे हे कुटुंब जवळच्याच न्यूटन या गावी राहावयास गेले आणि पर्सीचे शालेय शिक्षण तेथेच झाले. वडिलांबरोबर बुद्धिबळ खेळावे, घरची कामे करावी, असा त्याचा दिनक्रम असे. वयात आल्यावर चर्चचे रीतसर सभासद व्हावे, अशी त्या घरची रीत होती. पर्सीने विचार केला आणि आपल्या मनाला जे पटलेले नाही, ते पटले आहे असे आपण सांगू शकत नाही, असे त्याने वडिलांना नम्रपणे कळविले. वडिलांना वाईट वाटले. पण मुलाच्या प्रामाणिकपणाचा त्यांनी मान राखला. पुढील साऱ्या आयुष्यात हा स्वभाव काही बदलला नाही.

इ. स. 1900 मध्ये पर्सीने हार्वर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला, तो जवळजवळ कायमचाच. तेथेच तो पदवीधर झाला, 1908 मध्ये तेथेच त्याने डॉक्टरेट मिळविली आणि पुढे तेथेच अध्यापक व प्राध्यापक म्हणून 1954 पर्यंत काम केले.

त्या काळी पदार्थांवर फार मोठा दाब देणे ही गोष्ट अवघड समजली जाई. आपल्या सभोवतालची हवा दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे 1 किलोग्रॅमचा भार टाकीत असते. आमागा नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने हवेच्या दाबाच्या सुमारे 3,000 पट दाबापर्यंत मजल मारली होती. त्यापुढे जावयाचे म्हटले, की एकच अडचण आडवी येई, ती म्हणजे गळती. जाड पोलादी पात्रात तेल किंवा दुसरा एखादा द्रव भरावयाचा आणि वरून दट्ट्याने तो दाबावयाचा, अशी रीत होती. दाब वाढू लागला म्हणजे दट्ट्याच्या कडेने द्रव बाहेर येऊ लागे. सायकलच्या पंपाचा वॉशर झिजला म्हणजे जे होते, तेच येथे शेकडो पटींनी होई. मोठमोठ्या नट-बोल्टांनी वॉशर कितीही आवळला, तरी एका मर्यादेनंतर द्रव त्याला हटवून वाट काढीच.

तरुण ब्रिजमन यांचा मूळ बेत काही निराळाच होता. दाबाखाली द्रवांतून प्रकाश किती वाकतो, हे त्यांना पाहावयाचे होते. 1905 च्या सुमारास हे प्रयोग चालू असता एके दिवशी उपकरणाचा स्फोट झाला आणि त्याचा एक महत्त्वाचा भाग नष्ट झाला. नवा भाग मागवावा लागला. तो येईपर्यंत काय करावयाचे? हात बांधून बसणे ब्रिजमन यांना माहीत नव्हते. पात्राचे तोंड लवकर उघडता यावे व लवकर बंद करता यावे, म्हणून त्यांनी एक नव्या धर्तीचे बूच तयार केले. हेतू एवढाच, की वेळ वाचावा. परंतु ते वापरून पाहताना त्यांच्या ध्यानात आले, की हे बूच गळतच नाही. दाब वाढवावा तो ते अधिकच घट्ट बसते!

या बुचाची रचना समजून घेण्याजोगी आहे. अळंबीच्या आकाराचा एक पोलादी तुकडा घ्यावा. त्याची छत्री द्रवाच्या बाजूस आणि दांडी मागच्या बाजूस ठेवावी. दांडीभोवती मऊ पदार्थाची एक कडी बसवावी. दांडीचे टोक मागच्या पोकळीत मोकळेच राहावे, ते कशालाही टेकू नये. आता द्रव सबंध छत्रीवर भार टाकतो. पण हा सारा भार सोसावा लागतो तो छत्रीमागच्या कडीला. कडीच्या मधोमध तर दांडीचे भोक असते. म्हणून तिचे क्षेत्र छत्रीच्या क्षेत्राहून लहान. तोच भार लहान जागेवर आला, की दाब वाढतो. म्हणून कडीतील दाब हा द्रवाच्या दाबाहून नेहमी जास्तच राहतो आणि द्रवाला बाहेर पडण्यास वाट उरत नाही. द्रवाचे बळ त्याच्यावरच उलटविण्याची ही युक्ती होय. ज्या अपघाताने एक काम बंद पडले, त्यानेच दुसऱ्या मोठ्या कामाचे दार उघडले. प्रकाशाचा प्रयोग ब्रिजमन यांनी बाजूस ठेवला, तो कायमचा.

गळती थांबताच दाबाला मर्यादा राहिली ती केवळ पोलादाच्या ताकदीची. ब्रिजमन पाहता पाहता 12,000 किलोग्रॅमपर्यंत पोहोचले. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर तीन थोराड हत्ती एकावर एक उभे आहेत अशी कल्पना करावी, म्हणजे या दाबाचा थोडाफार अंदाज येईल. खोलात खोल समुद्राच्या तळाशीसुद्धा याच्या दहाव्या हिश्शाएवढाच दाब असतो. अशा दाबाखाली पोलादी पात्रे फुगत, तडकत, कधी बंदुकीच्या गोळीसारखे त्यांचे तुकडे उडत. एक पात्र फुटले की ब्रिजमन ते का फुटले याचा अभ्यास करीत आणि दुसरे बनवीत. बरीचशी यंत्रे ते स्वतःच्या हातांनी घडवीत. लेथवर काम करणाऱ्या कुशल कारागिराची सफाई त्यांच्या हातात होती आणि त्यांना त्याचा अभिमानही होता.

दाबाच्या या नव्या राज्यात चमत्कारांना तोटा नव्हता. 1912 मध्ये त्यांनी पाण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीचे बर्फ पाण्यावर तरंगते. परंतु प्रचंड दाबाखाली पाण्यापासून निराळ्याच प्रकारची बर्फे होतात आणि ती पाण्याहून जड असतात. असे दोन प्रकार टामान या शास्त्रज्ञाने आधीच शोधले होते. ब्रिजमन यांनी त्यांत आणखी भर घातली. 1937 मध्ये त्यांना जो प्रकार सापडला, तो तर पाणी उकळण्याच्या तापमानाहूनही अधिक उष्ण असूनही घट्टच राहतो. गरम बर्फ ही गोष्ट कोणी स्वप्नात तरी पाहिली होती काय? 1914 मध्ये त्यांनी पांढऱ्या फॉस्फरसापासून काळा फॉस्फरस मिळविला. त्याच वर्षी त्यांनी अंड्यातील पांढरा बलक पात्रात घालून हवेच्या 7,000 पट दाबाखाली ठेवला. बाहेर काढून पाहतात तो काय, विस्तवाचा स्पर्शही न होता तो उकडलेल्या अंड्यासारखा घट्ट झालेला!

परंतु ब्रिजमन यांच्या कामाचा गाभा या नवलाईच्या गोष्टींत नव्हता. तो होता मोजमापात. कोणता पदार्थ किती दाबाखाली किती आवळतो, हे त्यांना शेकडो पदार्थांच्या बाबतीत मोजावयाचे होते आणि ते काम दिसते त्याहून फार कठीण होते. एक तर जाड पोलादाच्या आत काय चालले आहे ते दिसत नाही. दुसरे असे, की आवळणे अगदी थोडे. 10 सेंटिमीटर लांबीच्या लोखंडी कांबीवर सर्व बाजूंनी 12,000 किलोग्रॅमचा दाब दिला, तर तिची लांबी एका मिलिमीटरच्या पाव हिश्शानेही कमी होत नाही. तिसरी अडचण सर्वांत बिकट. ज्या पट्टीने मोजावयाचे, ती पट्टीही पात्रातच असल्यामुळे तीसुद्धा आवळते! पट्टीच लहान झाली तर मापावर विश्वास कसा ठेवावा?

ब्रिजमन यांनी एकेक अडचण सोडविली. दाब मोजण्यासाठी त्यांनी मँगॅनिन नावाच्या मिश्रधातूच्या तारेचे वेटोळे वापरले. दाब वाढला की या तारेचा विजेला होणारा विरोध ठरावीक प्रमाणात वाढतो. म्हणून तारेची दोन टोके बाहेर काढली, की आतील दाब बाहेर बसून कळतो. लांबीतील फरकही त्यांनी विजेच्याच साहाय्याने मोजला. पदार्थाची कांब आवळली, की तिला जोडलेली एक तार एका स्पर्शबिंदूवरून किंचित सरके आणि ते सरकणे बाहेरच्या उपकरणावर वाचता येई. आता राहिली पट्टीची गोष्ट. बहुतेक पदार्थांची तुलना ते लोखंडाशी करीत. कांब लोखंडाहून किती अधिक किंवा किती कमी आवळली, एवढेच या रीतीने कळे. म्हणून खुद्द लोखंड किती आवळते, हे त्यांनी वेगळ्या रीतीने, फार कष्टाने मोजले. पात्रात लोखंडी कांब किती सरकली ते पाहावयाचे, दाबाने पात्र बाहेरून किती लांबले तेही मोजावयाचे आणि एकातून दुसरे वजा करावयाचे. त्यांच्या साऱ्या मोजमापांची इमारत लोखंडाच्या या एका आकड्यावर उभी होती.

1923 मध्ये त्यांनी तीस धातूंच्या आवळण्याचे आकडे प्रसिद्ध केले. त्याच सुमारास त्यांचे लक्ष स्फटिकांकडे वळले. धातूचा सामान्य तुकडा म्हणजे असंख्य बारीक स्फटिकांची गर्दी असते. कोणाचे तोंड पूर्वेस, कोणाचे पश्चिमेस. त्यामुळे स्फटिकाचा खरा स्वभाव त्या गर्दीत लपून जातो. तो पाहावयाचा, तर सबंध तुकडाच एका स्फटिकाचा हवा. ब्रिजमन यांनी तोही मार्ग काढला. टोकदार बुडाच्या नळीत धातू वितळवून ती नळी ते भट्टीतून अगदी सावकाश खाली उतरवीत. टोक प्रथम थंड होई, तेथे एक बारीक स्फटिक धरे आणि वरचा सारा रस त्याच्याच ठेवणीने गोठत जाई. 1925 मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत त्यांच्याच नावाने ओळखली जाते व पुढे कारखान्यांतूनही ती वापरात आली.

असे अखंड स्फटिक दाबाखाली ठेवताच विलक्षण गोष्टी दिसून आल्या. दाब सर्व बाजूंनी सारखा, तरी स्फटिक सर्व बाजूंनी सारखे आवळत नाहीत. जस्ताचा स्फटिक आपल्या अक्षाच्या दिशेने जितका आवळतो, त्याच्या सहाव्या हिश्शाइतकाही तो आडव्या दिशेने आवळत नाही. टेल्यूरियमचा प्रकार तर याहून नवलाचा. चहूबाजूंनी दाबले असता तो स्फटिक आडवा आवळतो, पण अक्षाच्या दिशेने चक्क लांब होतो! त्याच्यातील अणू लांबच लांब साखळ्यांसारखे रचलेले असतात. साखळ्या एकमेकींजवळ दाबल्या गेल्या, की त्यांची वेटोळी उंचीने ताणली जातात. एका साध्या आकड्याने स्फटिकाच्या अंतरंगाची ठेवण अशी उघड केली.

या कामातूनच ब्रिजमन यांच्या मनात एक विचार पक्का झाला. लांबी, काळ, दाब हे शब्द आपण सहज उच्चारतो. परंतु ज्या कृतीने आपण ती गोष्ट मोजतो, त्या कृतीवाचून त्या शब्दाला काही अर्थ नाही, असे त्यांचे मत होते. 1927 मध्ये त्यांनी आधुनिक पदार्थविज्ञानाच्या तर्कशास्त्रावर एक ग्रंथ लिहून हा विचार मांडला. पदार्थविज्ञानाबाहेरच्या पंडितांनीही त्यावर पुष्कळ वाद घातला.

त्यांचे राहणे अगदी साधे होते. 1912 मध्ये ऑलिव्ह वेअर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगी व एक मुलगा होता. उन्हाळ्यात ते न्यू हँपशायरमधील रँडॉल्फ या डोंगराळ गावी राहत, तेथे डोंगर चढत, बागेत खपत आणि लेखन करीत. विद्यापीठातील सभा-समित्यांपासून मात्र ते कटाक्षाने दूर राहिले. सहकाऱ्यांपैकी काहींना हे रुचत नसे आणि त्यात त्यांचा अगदीच दोष होता असेही म्हणता येत नाही. कोणीतरी ती कामे करावीच लागतात. ब्रिजमन यांनी 260 हून अधिक संशोधन-निबंध लिहिले आणि त्यांपैकी फारच थोड्यांवर दुसऱ्या कोणाचे नाव आहे. त्यांचे विद्यार्थी संख्येने थोडे, पण मोलाचे. मिठासारख्या क्षारांचे स्फटिक किती आवळतात, हे मोजणारा जॉन स्लेटर पुढे स्वतः थोर पदार्थवैज्ञानिक झाला. रॉबर्ट ओपेनहायमरही हार्वर्डमध्ये त्यांच्या हाताखाली शिकला.

1939 हे साल उजाडले. जर्मनीत व अन्य काही देशांत हुकूमशाही माजली होती. त्या वर्षी ब्रिजमन यांनी एका प्रसिद्ध विज्ञान-नियतकालिकात निवेदन छापून जाहीर केले, की अशा राजवटींच्या नागरिकांना आपली उपकरणे आपण यापुढे दाखविणार नाही व आपल्या प्रयोगांची चर्चाही त्यांच्याशी करणार नाही. तो मनुष्य स्वतंत्र नाही. त्याला कळलेले ज्ञान त्याची राजवट दुसऱ्यांचे स्वातंत्र्य हिरावून घेण्यास वापरील, अशी त्यांची भूमिका होती. विज्ञानाचे दार सर्वांना उघडे असावे असे मानणाऱ्या अनेकांना हे पटले नाही.

दुसरी परीक्षा त्यांच्या प्रयोगशाळेतच व्हावयाची होती. एव्हाना ते 30,000 किलोग्रॅमपर्यंत पोहोचले होते. त्या दाबात लोखंडाचे आवळणे त्यांनी नव्याने मोजले आणि 1940 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दाब वाढत जातो तसे लोखंड अधिकाधिक ताठ होत जाते; ते किती वेगाने ताठ होते, याविषयीचा जुना आकडा बरोबर नव्हता, असे त्यात दिसून आले. लोखंडाशी तुलना करून ज्या ज्या धातूंची मोजमापे केली होती, त्या सर्वांना या चुकीची बाधा पोहोचली होती. इतरांनी ते आकडे आपल्या गणितांत वापरले होते. वयाची अठ्ठावन्न वर्षे झालेल्या, जगन्मान्य झालेल्या शास्त्रज्ञाला ही चूक दुसऱ्या कोणी दाखविण्याची वाट पाहता आली असती. ब्रिजमन यांनी ती स्वतःच जगापुढे मांडली आणि पुढील वर्षांत पुष्कळ पदार्थ पुन्हा पात्रात घालून पुन्हा मोजले. 1949 मध्ये ही नवी मोजमापे प्रसिद्ध झाली.

मध्यंतरी महायुद्ध होऊन गेले. युद्धकाळात त्यांनी सरकारसाठी पोलादाचे संशोधन केले. युरेनियम आणि प्लुटोनियम या धातू दाबाखाली किती आवळतात, तेही मोजले. हे आकडे अणुबाँब तयार करणाऱ्यांना हवे होते. 1945 मध्ये तो बाँब जपानवर पडला. पुढे 1955 मध्ये बर्ट्रंड रसेल आणि आइन्स्टाइन यांनी अण्वस्त्रयुद्धाच्या धोक्याविषयी जगाला इशारा देणारे पत्रक काढले. त्यावर अकरा विचारवंतांच्या सह्या होत्या. त्यांत ब्रिजमन यांची एक होती.

1946 मध्ये त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. तोपर्यंत त्यांनी एका दाबपात्राच्या आत दुसरे लहान पात्र ठेवून व टंगस्टन कार्बाइडचे अतिकठीण दट्टे वापरून 1,00,000 किलोग्रॅमची मजल गाठली होती. एवढ्या दाबाखाली सीझियमसारखा मऊ धातू मूळच्या निम्म्याहूनही लहान होतो. एका बाबतीत मात्र त्यांना यश आले नाही. काळ्या शिशापासून हिरा करावा, म्हणून त्यांनी अनेकदा प्रयत्न केले. पण काळे शिसे काही बधले नाही. प्रचंड दाबाबरोबर प्रखर उष्णताही दीर्घकाळ लागते, ती त्यांच्या उपकरणांत साधत नव्हती. ते यश 1954 च्या अखेरीस एका अमेरिकन कंपनीच्या संशोधकांनी मिळविले.

आपल्या कामाला कोठे मर्यादा आहे, हेही ब्रिजमन जाणून होते. चहूकडून दाबून स्फटिक किती आवळतो ते कळते; पण तो पिळण्याला किंवा घसरण्याला किती विरोध करतो, ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी 1929 मध्ये त्यांनी काही धातूंवर वेगळे प्रयोग केले होते. 1949 मध्ये डेव्हिड लाझारस या तरुण संशोधकाने याहून सोयीचा मार्ग वापरला. दाबाखालील स्फटिकातून त्याने कानांना ऐकू न येणारे सूक्ष्म ध्वनितरंग धाडले. पदार्थ जितका ताठ, तितका ध्वनी त्यातून वेगाने धावतो; म्हणून तरंगांच्या वेगावरून मीठ, तांबे, अ‍ॅल्युमिनियम यांच्या स्फटिकांचे ताठपण निरनिराळ्या दिशांनी मोजता आले.

ध्वनीच्या या वेगाचा संबंध थेट पृथ्वीच्या पोटाशी पोहोचतो. भूकंपाचे तरंग पृथ्वीच्या आरपार जातात आणि त्यांचा वेग दूरदूरच्या वेधशाळांत मोजता येतो. आत कोणता पदार्थ आहे हे ओळखावयाचे, तर तितक्या दाबाखाली कोणत्या खनिजातून तरंग किती वेगाने जातात, हे ठाऊक हवे. फ्रान्सिस बर्च या ब्रिजमन यांच्याच शिष्याने हे काम हार्वर्डमध्ये हाती घेतले. 1952 मध्ये त्याने अशा मोजमापांच्या आधारे पृथ्वीच्या अंतरंगाचे जे चित्र रेखाटले, ते भूविज्ञानात पायाभूत ठरले.

निवृत्तीनंतरही ब्रिजमन प्रयोगशाळेत येत राहिले. 1961 मध्ये असाध्य कर्करोगाने त्यांना ग्रासले. पायांतील बळ गेले, वेदना असह्य झाल्या. आपल्या सर्व प्रयोगनिबंधांचा संग्रह छापला जावयाचा होता, त्याची सूची तेवढी राहिली होती. ती त्यांनी पूर्ण करून प्रकाशकांकडे पाठविली. 20 ऑगस्ट 1961 रोजी रँडॉल्फ येथे त्यांची जीवनयात्रा संपली. 1964 मध्ये तो संग्रह सात खंडांत प्रसिद्ध झाला.

जमिनीखाली 660 किलोमीटरांवर हवेच्या दाबाच्या दोन लाख पटींहूनही अधिक दाब असतो. तेथून खाली सुमारे दोन हजार किलोमीटरांपर्यंत मॅग्नेशियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे एक दाट खनिज पसरले आहे. पृथ्वीवर त्याच्याइतके विपुल दुसरे खनिज नाही; तरी ते वर आले की टिकत नाही, म्हणून त्याचा नैसर्गिक नमुना कित्येक वर्षे कोणाच्या हाती लागला नव्हता आणि त्याला नावही नव्हते. 1879 मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये पडलेल्या टेनहॅम नावाच्या उल्केत त्याचे सूक्ष्म कण सापडले. अंतराळातील टकरीच्या धक्क्याने ते तयार झाले होते. 2014 मध्ये त्या खनिजाचे नामकरण झाले. त्याला ब्रिजमनाइट असे म्हणतात.